छकुलीच्या पोटातली पिन

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! बी.एस्सी. झालेली बाई मी; पण आई झाले आणि डोकं बहुतेक माहेरीच विसरले.

आम्ही तेव्हा जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात राहायचो. पहिलंच लेकरू, छकुली. तिला उचकी लागली तरी मी अर्धी मरायची! त्या सकाळी तिचा लंगोट बदलला आणि बघते तर सेफ्टीपिन गायब. खाटेखाली नाही, पाळण्यात नाही. तेवढ्यात छकुली खोकली. झालं!

शेजारच्या कौशल्याबाई धावत आल्या. "काहून वं बाई, काय झालं?"

"पिन गिळली हिनं!"

"पाह्यलं का तू गिळतानी?"

"नाही, पण खोकली ना!"

"लेकरू हाये, खोकलनच! इतकी काहून घाबरून राहिली?"

पण ऐकतंय कोण? यांना फॅक्टरीतून बोलावून घेतलं आणि थेट भंडाऱ्याचा एक दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. छकुलीचे वाळे, करदोडा, ताईत, सगळं उतरवायला लावलं. मी वाकून तिचे हात धरले. उघड्या पोटाला गार लागेल म्हणून हळूच वर पदर टाकला. आईच ना मी!

हिरवट पडदा उजळला. पोटाच्या मधोमध पिन! तीही उघडी!

मी किंचाळलेच, "ऑपरेशन?"

"थांबा, पहिले चुंबकानं पाहू."

नळीच्या टोकाला चुंबक. ती घशातून पोटात सोडायची आणि पडद्यावर बघत बघत पिन धरून वर काढायची. नाहीच जमलं, तर पोट उघडायचं! मी होते नव्हते तेवढे सगळे देव एकदम कामाला लावले.

नळी कितपत आत लागेल, याचा अंदाज घ्यायला डॉक्टरांनी ती आधी छकुलीच्या अंगावरूनच पोटापर्यंत धरली. आणि परत वर ओढताना एकदम ओरडले, "धरली! पाहा, पाहा, येऊन राहिली!"

पिन खरंच चुंबकामागे निघाली होती. पोटावरून छातीवर, छातीवरून गळ्याशी!

"पन डॉक्टरसाहेब," नर्सबाई म्हणाल्या, "नळी तं अजून तोंडातच नाई घातली!"

त्याच क्षणी कुणीतरी माझा पदर ओढला.

"अहो, पदर सोडा! ही काय वेळ आहे?" मी यांच्यावर खेकसले.

"अगं, मी इकडे दाराशी आहे!"

दिवा लागला. नळीला चुंबक, चुंबकाला पिन, पिनेला पदर आणि पदराला मी! लंगोट बदलताना हाताशी असावी म्हणून मीच ती घाईत पदरात खोचली होती. उघडीच!

छकुली खुदकन हसली. मी तिला उराशी धरून हमसाहमशी रडले. इतकं गोड रडू पुन्हा कधी आलं नाही बघा!

"मग आता घरी न्यायचं ना?" यांनी विचारलं.

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. "पोरीले खुशाल न्या. मायले मात्र इथंच ठेवा, तपासा लागते!"

आणि सांगते काय तुम्हाला, 'नको' म्हणायला आमच्या यांनी जरा उशीरच लावला!