चौथा फ्लास्क

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आता लिहितेय — तेही मराठीत, कारण इंग्रजीत मला फार नीट बोलता येतं, आणि नीट बोलण्यात बरंच लपतं.

गुलबर्ग्याला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझी जोडी महादेवीशी होती. ती बीदरजवळच्या जनवाड्याची, शाळा कन्नड, घरी मराठी. प्रकल्प साधा होता. एकच सेंद्रिय आम्ल चार वेगवेगळ्या अल्कोहोलांत विरघळवायचं आणि द्रावक बदलला की एस्टर बनण्याच्या अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते मोजायचं. दर दहा मिनिटांनी थोडं काढून बर्फात टाकायचं, मग टायट्रेशन करून उरलेलं आम्ल मोजायचं. फ्लास्क मात्र ठणठणीत कोरडा हवा. थोडं पाणी राहिलं तरी वेग पडतो.

हाताचं काम तिचं, वही माझी — माझं इंग्रजी चांगलं म्हणून. पण हात तिचाच चांगला होता. ब्युरेटच्या बारीक नळीतून अर्धा थेंब सोडायची ती. आमच्या गाईड मॅडमनाही ते दिसत असावं, कारण बीदरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी त्यांना एकच नाव पाठवायचं होतं, आणि ते महादेवीचं असेल असं त्या बोलून गेल्या होत्या. माझ्यासमोरच.

मला वाईट वाटलं होतं का? हो. पण पुढचं त्यामुळे झालं, असं म्हणणंही सोयीचंच होईल.

येळवशीला — मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जेवतं — महादेवी गावी गेली. जाण्याआधी चार फ्लास्क धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिची बस यायच्या आत मी एकटीनंच सुरू केलं. चौथ्या फ्लास्कमध्ये चुकून तिसऱ्याचाच अल्कोहोल ओतला. मग तो फेकला, फ्लास्क नळाखाली धुतला, झटकला. पुन्हा वाळवायला तास गेला असता. बाहेरून तर कोरडा दिसत होता — पण आतल्या काचेवरचं पाणीही मला दिसलं होतं.

वहीत नेहमीसारखं लिहिलं. फ्लास्क वाळवले: महादेवी.

दुपारी ती आली, डब्यात येळवशीची सगळ्या भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे घेऊन. "खा की गं, पाव्हण्यावानी लाजायलीस कामून?" मी खाल्लं.

चौथ्याचा वेग निम्माच आला. मॅडमनी समोर उभं राहून पुन्हा करायला लावलं — या वेळी बरोबर आला. म्हणजे आधी पाणी राहिलं होतं. त्यांनी वही उघडली, नाव वाचलं, तिला विचारलं. ती कन्नडमध्ये म्हणाली, मीच वाळवले होते. तिच्यापुरतं ते खरंच होतं. मी सिंकपाशी ब्युरेट धूत होते. धुतलेलीच पुन्हा धूत होते. तोंड उघडलंही होतं बहुतेक. सगळे म्हणतात, ही फार बोलत नाही. त्या दिवशी कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

कारखान्याला नाव माझं गेलं. ती नोकरी मी अजून करते.

एवढ्यावर संपलं असतं तर — पण गेल्या वर्षी बीदरच्या बसस्टँडवर महादेवी भेटली. शाळेत शिकवते म्हणाली, गणित. विज्ञान देत होते, तिनंच नको म्हटलं.

"माझा हात त्या कामाचा न्हाईच बघ. एक फ्लास्क वाळवाय आला न्हाई मला." हसत म्हणाली. कितीदा तरी म्हणून झाल्यासारखं.

तू वाळवला होतास — एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. तिची बसही अजून लागली नव्हती. आणखी काय हवं होतं मला?

मी म्हणाले, "जाऊ दे गं, होतं असं एखाद्या वेळी."

तिनं मान हलवली. मी तिला समजून घेतलं, याचं तिला बरं वाटलं होतं.