देवापुढचं पाकीट

शेजारच्या कुलूपबंद घराच्या खिडकीतून काकूंचं देवघर दिसतं. तिथे समईशेजारी एक खाकी पाकीट आहे. माझी लेक महिनाभर ज्याची वाट पाहतेय, ते मुलाखतीचं पत्र. आम्ही घरी नव्हतो म्हणून पोस्टमनने ते काकूंकडे दिलं, आणि काकू गावी गेल्या. फोन लागत नाही.

मुलाखतीची तारीख पाकिटाच्या आत आहे. पत्र हरवलं असतं, तर पोस्टमनवर चिडता आलं असतं. पण महत्त्वाचा कागद आधी देवापुढे ठेवायचा, हे मीही करते. काकूंवर रागावू कशी?

लेक काचेला कपाळ टेकवून उभी होती. मी विचारलं, "पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख दिसतेय का?"

"नाही. काकूंनी त्यावर जास्वंद वाहिलीय," ती म्हणाली. "पार सुकून गेलीय."