मिस्त्रींचा कान

आमच्या मिस्त्रींचा तोरा काय विचारता! पलीकडच्या गॅरेजवाल्याने गाडी तपासायचं यंत्र आणलं, तेव्हा म्हणाले, "मला देवाने दोन फुकट दिलेत," आणि स्वतःचे कान ओढून दाखवले. वर ही ऐट, की ज्या दिवशी कान फसेल त्या दिवशी शटर कायमचं खाली. मी त्यांच्या शेजारी सीट कव्हरं शिवते. बारा वर्षं झाली, मधे नुसता एक पत्रा. त्यांची बायको गेली, लेक परगावी. मलाही दिवसभरात दुसरं कोण आहे?

परवा दूधवाला पिकअप घेऊन आला. बारा गावचं पाणी प्यायलेली गाडी. "काका, मिसिंग मारतेय. चढाला तर नुसते झटके खाते."

मिसिंग शोधायची मिस्त्रींची रीत साधी. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या चार वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर इंजिन आणखी लंगडतं, तिचा सिलिंडर चांगला. जी काढून काहीच फरक पडत नाही, तिथे रोग.

त्यांनी पहिली काढली, लावली. दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा पहिली. मग पहिल्याचा प्लगच बदलला. गाडीचं रडगाणं तेच. मग दुसऱ्याचा बदलला. दूधवाला घड्याळाकडे बघायला लागला आणि मी शिवण बाजूला ठेवली. अहो, तिसरीला फरक पडत नाही हे मला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, पत्र्याआडून कळत होतं! सांगावं तर शटर खाली, न सांगावं तर गिऱ्हाइकासमोर फजिती.

शेवटी मी उठले आणि दूधवाल्याच्या पाठीमागून तीन बोटं दाखवली. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिसरी वायर वाकवून पाहिली. आतल्या बाजूला बारीक चीर होती, ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर लोखंडावर उडत होती. नवी वायर बसली आणि इंजिन कसं शहाण्यासारखं चालायला लागलं.

"बंद पडली का?" मिस्त्रींनी विचारलं.

दूधवाल्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. हसत हसत गाडी घेऊन गेला.

मिस्त्री फडक्याने हात पुसत बसले. एकच बोट कितीतरी वेळ पुसत होते. "वहिनी, कधीपासून असेल हो हे? घरात बोलायलाच कोणी नाही. ऐकू येत नाही हे कळणार कसं?"

मला भडभडून आलं. एरवी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, पण तेव्हा जेमतेम ओठांबाहेर पडला.

"उद्या उघडाल ना?" मी कसंबसं विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले आणि मान डोलावली. मग म्हणाले, "हो, गाडी चांगली होती."