आत्या, डॉक्टर आणि माझा उजवा गुडघा

अंगावर नीट बसलेले कपडे घातलेला माणूस दौंडमध्ये अजून जन्माला यायचाय, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे. त्यामुळे या मताने धंदा वाढायला हवा होता. पण ती गिऱ्हाइकालाच तोंडावर सांगते, "खांदंच तुझं वाकडं, बिलाऊज काय करील?" एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत तिने नवरीला मागून ओढून बाही सरळ केली. नवरी हलली, अक्षता भटजींच्या डोक्यावर पडल्या. आत्या म्हणाली, "फोटू जन्माचा ऱ्हातो."

मी शिरूरला सहावीत होते तेव्हा माझा उजवा गुडघा खटखट वाजायला लागला, दुखायला लागला आणि हळूहळू सरळच होईना. मी खो-खो खेळायचे. घरचे म्हणाले, वाढतं वय आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, सामना आला की हिचं नाटक सुरू. दिवाळीला दौंडला गेले, तर आत्याने मला कापड बेतायच्या टेबलावर उताणी झोपवलं, दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि वडिलांवर ओरडली, "आरं, उजव्या गुडघ्याखालनं माझा हात आरपार जातोय! पोरगी नाटक करीत न्हाई." इतक्या महिन्यांत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती पहिलीच.

पुण्याच्या डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो दाखवला. गुडघ्यातली कूर्चेची गादी चंद्रकोरीसारखी असते. माझी जन्मतःच भाकरीसारखी गोल निघाली, आणि आता कडेला फाटली होती. दुर्बिणीतून मधला भाग कोरून काढायचा आणि फाटलेली कड टाके घालून बसवायची, असं ठरलं. वडील नुसती मान डोलवत होते. आत्या खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सगळीच का काढत न्हाई?"

"मग हाडावर हाड घासेल, मावशी. ही तिशीतच लंगडायला लागेल."

"मंग बेतानं कापा. थोडं ऱ्हायलं तर परत येऊ. जास्त गेलं तर कुठनं आणायचं?"

डॉक्टर हसले नाहीत. "मलाही तीच भीती असते," म्हणाले.

ऑपरेशन चालू असताना हीच बाई बाहेर एका सिस्टरला तिचा गणवेश कमरेत ढगळ असल्याचं सांगत होती, आणि सांगता सांगताच रडायला लागली. त्या सिस्टरनेच तिला पाणी आणून दिलं. नंतर दोन महिने आत्या आमच्याकडे मुक्कामाला होती. कुबड्या असताना मी पाय टेकला की ओरडायची, व्यायाम चुकवला की त्याहून मोठ्याने. गुडघा सरळ झाला. पुढे मी परत खो-खो खेळले, पहिल्याच डावात बाद झाले, आणि आत्याने मैदानाबाहेरून पंचांच्या पँटची लाज काढली.

आता मी रांजणगावच्या एका कंपनीत दिवसभर उभ्याने काम करते. गुडघा कुरकुरत नाही. आत्याचे मात्र दोन्ही कुरकुरतात. दाखवायला चल म्हटलं की म्हणते, "माझं झालं चालून." सुट्टीला दौंडला गेले की मी निघताना ती दारातच बसते. "जा, गल्लीच्या टोकापतूर सरळ जा. मागं वळू नगं." मी जाते. ती माझी चाल बघतेय, हे पाठीला कळत असतं. स्टँड दुसऱ्या बाजूने जवळ पडतं. पण तो रस्ता तिच्या दारातून दिसत नाही.