गुरुजी आल्याबिगर न्हाई

सत्तरच्या दशकात मी जालन्यात मास्तर होतो. तीर्थपुरीजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला शिकलेला मीच. म्हणून तिथल्या लग्नात त्रिसरण-पंचशील मी सांगायचो आणि मी पोचल्याशिवाय लग्न लागायचं नाही.

दुष्काळाच्या वर्षी एका खडी फोडणाऱ्या मजुराच्या मुलीचं लग्न निघालं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळची एस.टी. माझ्यासमोर उभी होती, तरी मी चढलो नाही. सगळ्यांच्या आधी जाऊन बसलं की मान राहत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. जुन्या जालन्यात चहा पीत बसलो आणि दुपारच्या गाडीने गेलो.

पोचलो तेव्हा मांडवात पोरं उपाशीच झोपली होती. वऱ्हाड खडीच्या ट्रकमधून आलं होतं. ड्रायव्हर वाट पाहून पाहून निघून गेला होता. मला पाहताच सगळे उठून उभे राहिले. फक्त नवऱ्याचा चुलता बसून होता.

"आले बघा कलेक्टर! आता आमी काय यांच्या खांद्यावर बसून घरी जावं?"

मुलीच्या बापाने हात जोडले. "पाव्हनं, असं बोलू नका. शाळंचं काम निघालं असंल. मी सकाळपासून सांगून राह्यलो, गुरुजी आल्याबिगर माझ्या लेकीचं लग्न लागायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शाळंचंच काम व्हतं ना, गुरुजी?"

मी मान डोलावली.

मग लग्न लावलं. खोटं न बोलण्याचं शीलही सांगितलं, सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, हे आजही खुपतं. दिवस मावळताना वऱ्हाड पायी निघालं. नवरी माझ्या पाया पडली आणि चावणाऱ्या नव्या चपला हातात घेऊन चालू लागली.

पुढे तिच्या मुलाचं नाव ठेवायला मला बोलावलं. या वेळी तिच्या बापाला खरं सांगायचं ठरवून पहिल्या गाडीने गेलो. तो अंगण झाडत होता. मला बघून त्याच्या हातातला खराटा गळाला.

"अरारा! गुरुजी आले बी, अन् तुमच्या बसायची सोय न्हाई. माफी करा, गुरुजी, तुमी एवढ्या लवकर याल, हे बिलकुल ध्यानात आलं न्हाई."

त्याने घाईघाईने घोंगडी अंथरली. मी घोंगडीवर बसलो आणि लग्नाच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, हे याही वेळी सांगितलं नाही.