न निघालेली खोकी

"खोकी आहेत, पाहुणे नाहीत. बसवून काय ठेवता?" असं म्हणत काका थंड खोलीच्या दारावर बोटांनी टकटक करायचे. पुण्यातल्या एका लशीच्या कारखान्यात ते माल रवाना करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली कागदपत्रं पाहायचे. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील; मदत करतात, पण आधी चार शब्द ऐकवतात. पत्त्यात माझी चूक सापडली की म्हणत, "मॅडम, हा देश नकाशात आहे, की तुम्हीच आत्ता काढलात?"

आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात लसभांडार सांभाळणारी एक नर्स होती. आमची गोवराची लस पोचली की ती ऑफिसच्या मोबाइलवर फोटो पाठवायची. काका तिला सिस्टर म्हणत. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, पण जमायचं. कोरोनाचा एकही डोस तिला स्वतःला अजून मिळाला नव्हता. तिच्या भांडारासाठीची कोरोना लशीची खोकी आमच्याकडे तयार होती.

मग दुसरी लाट आली. रस्त्यावर दिवसभर अँब्युलन्स. वरून आदेश आला, माल देशाबाहेर जाणार नाही. सिस्टरच्या पत्त्याची लेबलं आम्हीच नखांनी खरवडली. त्या दिवशी काकांनी कोणालाही टोमणा मारला नाही.

"बरोबरच आहे म्हणा," ते म्हणाले. "आमची हीसुद्धा वारज्याच्या केंद्रावरून लस न मिळता तीनदा परत आलीय." थोड्या वेळाने पुन्हा बोलले, "पण तिने काय करायचं?"

सिस्टर विचारायची, कधी? काका लिहायचे, पुढच्या आठवड्यात. असे पाच-सहा आठवडे गेले. हे खोटं आहे हे त्यांना कळत होतं, मलाही. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

एका सोमवारी त्याच नंबरवरून कोण्या दुसऱ्याच माणसाने लिहिलं. सिस्टर कोरोनाने गेल्या. भांडार आता मी पाहतो. माल कधी?

काकांनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, खोटं बोलायचा पगार मला मिळत नाही," इतकंच म्हणाले आणि डबा उचलून निघाले. राग उतरला की येतील, असं मला वाटलं. राजीनामा टपालाने आला.

दोन दिवसांनी कारखान्यात आम्हाला लस दिली. माझी कुपी ज्या खोक्यातून निघाली, त्यावर खरवडलेल्या लेबलाचा चिकटा होता. मला लाज वाटली, तरी मी बाही वर केली.

संध्याकाळी मोबाइल वाजला. कधी?

काकांची खुर्ची रिकामी होती. दंड ठणकत होता. मी लिहिलं, पुढच्या आठवड्यात.