महेशरावांची कादंबरी, भागीबाईची आवणी

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत इतकं सुखात बसून उपासमार लिहिणारा माणूस दुसरा नाही. महेशरावांनी विमा कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि तरुणांना शहाणं करायला घेतलं. कादंबरी सन २०९०ची. धरणं आटलेली, नाशिक ओसाड, आणि सतरा वर्षांची नायिका आपल्या वाटणीचं अन्न धाकट्यांना देते. त्यांचा स्वतःचा सतरा वर्षांचा मयूर चौथ्या पानावर झोपला, तरी मुखपृष्ठावर 'तरुण पिढीसाठी' आहेच. लिहिताना तासातासाला चहा लागे. कप उचलायला भागीबाई.

भागीबाई पेठ तालुक्याकडची. आषाढात तिने आठ दिवसांची सुट्टी मागितली. आवणी आली होती, भाताची रोपं उपटून खाचरांत लावायची होती.

"रविवारी प्रकाशन आहे, बाई. साठ माणसं येणार, चहा-पोहे कोण बघणार? भात पुढच्या आठवड्यात लावा."

"रोप म्हातारं होतं साहेब. मंग लावलं काय नि नाय लावलं काय."

"थोडा त्याग शिका. माझी नायिका बघा, तीन दिवस उपाशी राहते."

"तीनच? मंग चौथ्या दिवशी तिला कोण वाढतं?"

महेशराव चिडले नाहीत. अडाणी माणसावर चिडू नये, असं त्यांचं मत.

"दिवाळी झाली की घरची समदी द्राक्षाच्या मळ्यात मजुरीवर जगायला जातात," भागीबाई म्हणाली. "तांदूळ असला तर सासू मागं राहून खाते. नसला तर तिलाबी न्यावं लागतं. औंदा तिला चालवत नाय, साहेब."

"जगायला जातात! वा, काय शब्द आहे!" महेशरावांनी लगेच वहीत टिपला. सुट्टीचं बोलायचं राहूनच गेलं.

शनिवारी भागीबाई सकाळची एसटी धरून निघून गेली.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये महेशराव त्यागावर पाऊण तास बोलले. 'जगायला जाणं' हे आपल्याला चिंतनातून सुचलं, असंही सांगितलं. टाळ्या पडल्या. मग चहाची वेळ झाली, आणि त्यांच्या पत्नी उज्वलावहिनी पहिल्या रांगेतून हलल्याच नाहीत. महेशरावांनी फोन लावला. गलक्यात ऐकू येईना, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बाई, साखरेचा डबा कुठेय? आणि हे बघा, उद्या आला नाहीत तर दुसरी बाई बघेन."

"बघा की साहेब," साठ माणसांनी ऐकलं. "एक खाचर झालं, तीन राहिलीत. हात चिखलाचे हायेत, ठेवते."